पाळण्याचं पॉलिश

कुंडलिक हिवराळे मेहकरकडून कोवळ्या वयात घाटकोपरला मामाकडे आला आणि पॉलिशवाला झाला. चपडा, म्हणजे लाखेच्या पातळ पापड्या, स्पिरिटमध्ये विरघळवायचा, कापसाच्या पुंजक्यावर घ्यायचा आणि लाकडावर गोल गोल फिरवत राहायचं, अगदी आरसा होईपर्यंत. त्याच्या हातची कपाटं वांद्र्यापासून मुलुंडपर्यंत आजही चमकताहेत. स्वतः कुंडलिकची मात्र रया गेली. आधी संध्याकाळी दारू, मग दिवसा दारू, आणि शेवटी शेवटी दारू नसेल तेव्हा डब्यातलं स्पिरिटच.

त्याची बायको लता, तिने त्याला व्यसनमुक्ती केंद्रात नेऊन घातलं. त्याची दारू सुटली. केंद्रातल्या बाईंनी बजावलं होतं, "त्या डब्याजवळ पुन्हा जायचं नाही." म्हणून धंदाही सोडला आणि गोरेगावच्या एका सोसायटीत वॉचमन झाला. तीन वर्षं त्याने थेंबाला शिवलं नाही. हे सांगायला त्याला फार आवडे. लता ऐकून घेई, "बरं" म्हणे आणि भांडी घासायला बसे. मुलगी संघमित्रा लग्न होऊन मुलुंडला गेली होती. ती फोनवर आईशीच बोलायची. तिला मुलगा झाला, पण बाळ कुणी कुंडलिकच्या हातात दिलं नाही. "अजून मान धरत नाही," असं सांगत. नातू एकदा मांडीवर घ्यायचा, एवढीच आता त्याची इच्छा होती.

सोसायटीतल्या वसुधाताईंनी माळ्यावरचा सागवानी पाळणा भंगारात काढला, तो त्याने मागून घेतला. नामकरणाला न्यायचा असं ठरवलं. ऑइलपेंट दिला असता तरी चाललं असतं. पण सागवानाला रंग फासायला त्याचा हात धजेना. नाकाला ओला रुमाल बांधून, भर उन्हात गच्चीवर बसून त्याने पुन्हा स्पिरिट हाताळलं. हात एकदाही तोंडाकडे गेला नाही.

नामकरणाच्या दिवशी मुलुंडला टेम्पोतून उतरवताना पाळण्याचा कठडा गेटला घासला. पांढरा ओरखडा उठला.

"राहू द्या हो, कोण बघतंय?" लता म्हणाली. "वर वंदना सुरू होईल."

"मला दिसतोय ना. तू हो पुढं, आलोच."

पिशवीत पाण्याच्या बाटलीत थोडं पॉलिश होतं, चहाच्या रंगाचं. पार्किंगमध्ये उकिडवं बसून त्याने ओरखडा बुजवला. घाईत बाटली कलंडली आणि सदऱ्याची बाही भिजली. तसाच वर गेला.

हॉल भरला होता. त्रिशरण झालं, पंचशील सुरू झालं. मद्यापासून दूर राहण्याचं पाचवं शील कुंडलिक अलीकडे खड्या आवाजात म्हणायचा. आजही म्हणाला. शेजारी बसलेले जावयाचे काका नाक चोळत जरा बाजूला सरकले. पुढून संघमित्राने वळून पाहिलं.

वंदना आटोपताच ती त्याला जिन्यात घेऊन गेली.

"पप्पा, आज तरी?"

"नाही गं बाय. पॉलिशचा वास आहे."

बोलून गेल्यावर त्याला आठवलं. ती शाळेत होती तेव्हा दार उघडणाऱ्या या पोरीला तो रोज हेच सांगायचा, अगदी याच सुरात.

"खाली चल," तो घाईने म्हणाला. "पाळणा आणलाय. कठडा अजून ओला आहे, हात लावून बघ."

"तेव्हाही कपाटं ओलीच असायची, पप्पा."

लता बाहेर आली. कुंडलिकने तिचा हात धरला. "तू सांग हिला. तू होतीस ना खाली?"

लताने त्याच्या तोंडाशी नाक नेलं. मग बाहीचा वास घेतला, मग पुन्हा तोंडाचा. पूर्वी तिला दारातूनच कळायचं.

"मी वर आले तोवर घेतली नव्हती, एवढं सांगते," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. "नंतरचं मला कसं ठाऊक असणार?"

"जेवण खाली पाठवते," संघमित्रा म्हणाली. "सासरची सगळी बसलीत. बाळाजवळ नका येऊ." आणि ती आत गेली. लता क्षणभर घुटमळली, पदर सावरला आणि तिच्यामागून गेली.

कुंडलिक जिना उतरून पाळण्यापाशी आला. थोड्या वेळाने वर टाळ्या वाजल्या. बाळाचं नाव ठेवलं गेलं, पण काय ठेवलं ते खाली ऐकू आलं नाही.

त्याने पिशवीतून बाटली काढली. तळाला दोन घोट उरले होते. मग झाकण काढलं, गटाराच्या जाळीपाशी गेला आणि बाटली पालथी केली.

बिल्डिंगचा वॉचमन धावत आला. "ओ काका, फेकताय काय? मला द्यायची ना! मघापासून एकट्यानेच लावताय, यार!"

कुंडलिकने त्याच्याकडे पाहिलं. मग भिजलेली बाही वर दुमडली आणि कठडा वाळला का ते बोटाने पाहिलं.