केबिनवालीच्या गोळ्या

एफी गूर्लेने रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये एकतीस वर्षं काढली आणि त्या एकतीस वर्षांत एकदाही अंदाजाने सिग्नल दिला नाही. हे ती स्वतःच सांगते, आणि कुणी न विचारता सांगते. स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर इन्व्हरक्रेग नावाच्या गावात फाटकाशेजारी तिची लाकडी केबिन होती. सिग्नल ओढायचे बारा खटके, एक घंटा, एक वही. आधीची गाडी पोचल्याचं पुढच्या केबिनने घंटेवर कळवलं की मगच मागची सोडायची, एका टप्प्यात एकच गाडी. एकदा कुणी साहेब म्हणाला, "गेली असेल हो एव्हाना, सोडा." एफीने मान वर न करता सांगितलं, "'असेल' या शब्दाला माझ्या वहीत रकाना नाही."

पुढे केबिन बंद झाली, नवरा गेला, गुडघे बोलायला लागले आणि चौऱ्याहत्तराव्या वर्षी रक्ताचा कॅन्सर निघाला. सावकाश वाढणारा आहे, डॉक्टर म्हणाले. "मग आमचं जमेल, मीही जिने सावकाशच चढते," असं म्हणून तिने कोट घातला. त्यावर गोळ्या सुरू झाल्या, गावात सगळे त्यांना 'केमोच्या गोळ्या' म्हणतात, तसंच आपणही म्हणू. रोज एक गोळी, सकाळी नऊला, भरल्या ग्लासभर पाण्याबरोबर, अख्खी गिळायची. फोडायची नाही, कुटायची नाही, चघळायची नाही. कॅन्सर विभागाची नर्स शोना मॅकफेल हिने अर्धा तास बसवून सगळं सांगितलं. एफीने मध्येच विचारलं, "एखादी राहिली तर दुसऱ्या दिवशी दोन?"

"अजिबात नाही. त्याच दिवशी आठवली तर घ्या, नाहीतर ती गेली. दुसऱ्या दिवशी एकच."

"एका टप्प्यात एकच गाडी," एफी म्हणाली. शोनाला काही कळलं नाही, पण बाई समजदार आहे एवढं कळलं.

ऑगस्टपासून नवी वही सुरू झाली. तारीख, वेळ, गोळी, ताप, आणि शेवटी 'इतर' असा रकाना. गोळ्या त्यांच्या मूळ पाकिटातच, ओट्यापासून दूर, उंच कपाटात. कॅन्सर विभागाच्या मदतीच्या फोनचा नंबर फ्रिजवर चिकटवलेला. सहा महिने गाडी वेळेवर धावली.

फेब्रुवारीच्या पहिल्या शनिवारी मुलगी, लोर्ना, डंडी शहरातल्या तिच्या घरून आली आणि आईच्या बाह्या वर केलेल्या हातांकडे बघत दारातच थांबली. दोन्ही हातांवर काळेनिळे डाग. पोटरीवर तर तळहाताएवढा.

"पडलीस?"

"नाही. पडले असते तर वहीत असतं."

"मग हे काय? आई, तू गोळ्या दोनदा घेतेस. एकदा घेतेस, विसरतेस, परत घेतेस."

"तू चहा घेतेस का, की उभ्यानेच माझा निकाल लावणार?"

लोर्नाने पिशवीतून प्लॅस्टिकचा डबा काढला. सात वार, सात कप्पे. आणि कपाटातून केमोचं पाकीट काढून नुसत्या हाताने गोळ्या सोडवायला लागली.

"खाली ठेव ते," एफी म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, पण याच आवाजाने तिने मालगाड्या थांबवल्या होत्या. "दुसऱ्याने त्यांना हात लावायचा तर हातमोजे घालून. आणि त्या माझ्या रक्तदाबाच्या गोळ्यांत मिसळायच्या नाहीत, त्यांचं पाकीट हेच त्यांचं घर. तुला कुणी अर्धा तास बसवून शिकवलं नाही, मला शिकवलंय."

लोर्नाने हात धुतले. मग शांतपणे बोलली, आणि ते जास्त वाईट होतं. "माझ्याकडे वरची खोली तयार आहे. जांभळा रंग दिलाय. गोळ्या माझ्याकडे राहतील, मी रोज एक देईन. तुला हे आता जमत नाहीये."

जांभळा रंग एफीला आवडत नव्हता, पण मुद्दा तो नव्हता. ज्या बाईने एकतीस वर्षं गावातली माणसं सुखरूप पलीकडे सोडली, तिला रोज सकाळी हात पसरून एक गोळी मागायची, हा मुद्दा होता.

"सोमवारपर्यंत थांब," ती म्हणाली. "घोळ माझा निघाला तर येते. नाही निघाला तर तो डबा तुझ्या बटणांना वापर."

लोर्ना थांबली. हट्ट तिच्यातही होता, आणि तो कुठून आला हे सांगायला नको.

रविवारी दिवसभर एफीने पाकिटं मोजली, वही ताडून पाहिली. एक गोळी इकडची तिकडे नाही. तरी डाग होतेच. आता केबिनमधली पद्धत अशी होती की काही चुकलं तर आधी माणसाला दोष द्यायचा नाही, आधी विचारायचं, नवीन काय झालं? पहिला डाग कधी? 'इतर'च्या रकान्यात तिच्याच हातचं अक्षर होतं, अठ्ठावीस जानेवारी, डावं मनगट. मग त्याच्या आधी काय बदललं? गोळी तीच, वेळ तीच, ग्लास तोच.

सोमवारी सकाळी ती टोस्टला मार्मलेड लावत होती आणि तिची नजर बरणीच्या चिठ्ठीवर गेली. 'वीस जानेवारी', तिनेच लिहिलेलं.

सुरी हातातच राहिली.

जानेवारीत तीन आठवडे सेव्हिल नावाची कडू संत्री बाजारात येतात आणि गावातल्या सगळ्या स्वयंपाकघरांच्या काचा वाफेने पांढऱ्या होतात. एफी दरवर्षी ती सालीसकट साखरेत शिजवून मार्मलेडच्या चोवीस बरण्या करते. मागच्या वर्षी थकवा होता म्हणून सहाच झाल्या, जुलैत संपल्या. दुकानातलं मार्मलेड ती घरात येऊ देत नाही, त्यामुळे ऑगस्टपासून, म्हणजे गोळ्या सुरू झाल्यापासून, मुकाट्याने ब्लॅकबेरीचा जॅम. आणि आता वीस तारखेपासून रोज दोन टोस्ट, जाड थराचे.

तिने माहितीपत्रक काढलं. ग्रेपफ्रूट आणि सेव्हिल संत्री खाऊ नयेत, गोळीचा अंमल वाढतो, रक्तस्राव होऊ शकतो. खाली पेन्सिलची रेघही होती, तिचीच. तेव्हा वाचून ती हसली होती, सेव्हिल संत्रं खातं कोण, तोंडात धरवत नाही. या गावात संत्रं हे फळ, आणि मार्मलेड हा नाश्ता. दोघांचं नातं कुणाच्या डोक्यातच येत नाही.

तिने फ्रिजवरचा नंबर फिरवला.

"मी गूर्ले. चूक माझी आहे, आधी ते लिहून घ्या."

शोनाने सगळं ऐकलं. "नाकातून, हिरड्यांतून रक्त? शौचाला काळं? डोकं दुखतंय?"

"नाही, नाही आणि तुमच्याशी बोलेपर्यंत नव्हतं."

"आजची गोळी?"

"नऊला असते. आठ चाळीस झालेत."

"आज घेऊ नका. तासाभरात रक्त द्यायला या. परत कधी सुरू करायची ते डॉक्टर सांगतील, तुम्ही स्वतः ठरवायचं नाही, एफी."

"सिग्नल लाल. कळलं."

लोर्ना दारात उभी राहून ऐकत होती. "म्हणजे तुझीच चूक निघाली. बॅग भर."

"माझीच. पण तू म्हणालीस ती नव्हे. गोळ्या दोनदा घेतल्या नाहीत मी. तू त्या तुझ्या ताब्यात घेतल्या असत्यास, रोज मोजून एक दिली असतीस, आणि सोबत काय दिलं असतंस?"

लोर्नाने खिडकीतून बाहेर उभ्या गाडीकडे पाहिलं. तिच्या गाडीत आईच्या त्या जांभळ्या खोलीसाठी मार्मलेडच्या चार बरण्या आधीच बांधून ठेवलेल्या होत्या.

"गाडी काढ," एफीने बाह्या खाली केल्या. "हॉस्पिटलला. डंडीच्या घरी नव्हे."

रक्ताचे आकडे निभावण्यासारखे निघाले. डॉक्टरांनी आठवडाभर गोळी थांबवली, मग सांगितलेल्या तारखेला पुन्हा सुरू केली. डाग पिवळे पडत पडत गेले. वहीत 'नाश्ता' असा नवा रकाना आला. डबा लोर्नाने परत नेला, त्यात बटणं आहेत की नाहीत ते माहीत नाही.

पुढच्या जानेवारीत एफीने पुन्हा चोवीस बरण्यांची संत्री आणली. लोर्ना भांड्यापाशी उभी, कपाळाला हात.

"आई, तुला एक थेंब चाखता येणार नाही. मग करतेस कशाला?"

"कारण जानेवारी आहे. मी कापणार, मी ढवळणार. चाखायची तू." तिने गार बशीवर थेंबभर टाकून ती पुढे केली. "बोल, कसंय?"

"झालं असेल," लोर्ना म्हणाली.

एफीने डाव पुन्हा भांड्यात घातला. "नीट चाख."