वाचून दाखवणारे नाना

समोरचा माणूस ‘समजलं’ म्हणाला, की नानांना लगेच शंका यायची, याला काहीही समजलेलं नाही. मग समोर शेतकरी असो, सुभेदार असो की कॉलेजात शिकवणारे प्राध्यापक. नाना चष्मा कपाळावर चढवायचे, कागद छातीशी धरायचे आणि म्हणायचे, “समजलं ना? मग आता तुमी मला सांगा.” आणि समोरच्याची दांडी उडायची.

नाना आमच्या वकीलसाहेबांचे कारकून. साताऱ्याच्या कोर्टाजवळच्या आमच्या ऑफिसात ते रोज रहिमतपूरहून एसटीने यायचे. प्रत्येक प्रतिज्ञापत्राच्या तळाशी एक ओळ असते, की वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला आणि बरोबर आहे म्हणून सही केली. सगळ्या ऑफिसांत पक्षकार ही ओळ न वाचताच सही करतो आणि चहाला जातो. नानांना मात्र ही ओळ खरी केल्याशिवाय चैन पडत नसे. त्यांच्या मते ज्या कागदाच्या तळाशीच खोटं लिहिलंय, त्याच्या वरच्या मजकुरावर कोर्टाने विश्वास का ठेवावा?

त्यांची वाचायची पद्धत ठरलेली होती. आधी एक वाक्य आमच्या वकिली मराठीत, मग तेच रहिमतपुरी मराठीत. “वादी हा सदर मिळकतीच्या प्रत्यक्ष कब्जेवहिवाटीत आहे. म्हंजी काय, रान तूच कसतोयस. कसतोयस न्हवं?” सगळं वाचून झालं की पक्षकाराने ते आपल्या शब्दांत परत सांगायचं. एका निवृत्त सुभेदारांना त्यांनी तीनदा सांगायला लावलं, तेव्हा ते तापले. “नाना, मी काय शाळंत हाय व्हय?”

“न्हाई आवं,” नाना शांतपणे म्हणाले. “शाळंत नापास झालं तर पुढल्या वर्षी परत बसता येतंय.”

मी त्या ऑफिसात आले तेव्हा वकिलीचा नुसता रंगच नव्हे, पोतसुद्धा बदलत होता. मी मूळची सांगलीची, पुण्यातून पदवी घेऊन आलेली, हातात लॅपटॉप आणि डोक्यात हवा. दावे ऑनलाइन दाखल होऊ लागले होते, साक्षी पडद्यावर होऊ लागल्या होत्या, तारखा मोबाइलवर कळत होत्या. मला वाटलं, नाना आता निवृत्तीचा अर्ज देणार. नानांनी महिनाभर माझ्या शेजारी स्टूल टाकलं आणि ई-फायलिंग शिकून घेतलं. पुढे त्यांनी स्कॅन केलेली पानं माझ्यापेक्षा सरळ येऊ लागली. तक्रार फक्त एकच होती. पूर्वी पाटणची माणसं पहिली एसटी पकडून तारीख विचारायला यायची आणि नानांना चहा पाजून जायची. “आता पाटणचा माणूस पाटणात बसून तारीख बघतो,” ते म्हणायचे. “त्याचं लय बरं झालं. माझ्या चहाचं तेवढं वाईट झालं.”

नवे फौजदारी कायदे आले तेव्हा मात्र त्यांना खरंच दुःख झालं. जुनी कलमं त्यांना पाढ्यांसारखी पाठ होती. फसवणुकीचं चारशेवीस आता तीनशे अठरा झालं, हे मी सांगितल्यावर ते बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसले. “वकीलबाई, एखाद्या लबाडाला तीनशे अठरा म्हणून बघा. त्याला राग तरी येईल का?” तरीही आठवडाभरात जुने आणि नवे आकडे समोरासमोर लिहिलेला एक तक्ता त्यांनी भिंतीवर लावला. साहेब स्वतः कोर्टात निघताना चोरून त्याच्याकडे नजर टाकायचे.

हळूहळू माझ्याकडे निराळी कामं येऊ लागली. सांगलीची म्हणून कुपवाडचे छोटे कारखानदार मला विचारायचे आणि मी साताऱ्यात बसून त्यांचे करार करायचे. पुरवठ्याच्या अटी, मालाच्या नावाची नोंदणी, कामगारांची माहिती सांभाळून ठेवण्याचे नवे नियम. असाच एक लेथवाला व्हिडिओवर ‘समजलं, समजलं’ करत होता. नाना मागून पडद्यात शिरले आणि म्हणाले, “मालक, मग सांगा बघू काय ठरलं.” मालक अडखळले. माल परत आला तर वाहतूक कोणी करायची हे त्यांना अगदी उलटं वाटत होतं. त्यानंतर ते फोन करायचे तेव्हा पहिला प्रश्न असायचा, नाना मोकळे आहेत का? मला थोडा राग यायचा, खोटं कशाला बोलू.

मग आलं मजकूर लिहून देणारं यंत्र. संगणकाला चार गोष्टी सांगायच्या की दहा मिनिटांत सुबक मसुदा तयार. साहेब खूश, मी तर हवेतच. नानांनी पहिला मसुदा नीट वाचला. “लिवतंय झकास,” ते म्हणाले. “पर ह्याला कुणी रान दावलंय का?” मी हसले. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

कारण पुढे आक्कांचं प्रकरण आलं. आक्का आमच्या पक्षकार, रहिमतपूरच्या पलीकडच्या एका गावातल्या, पन्नाशीच्या, थोरल्या. धाकटा भाऊ संपत लष्करात हवालदार. आई गेल्यावर जमिनीच्या वाटपाचा दावा झाला होता. भावंडांचं वैर नव्हतं, पण संपतची बायको आणि मुलगा नणंदेच्या हिश्श्याला राजी नव्हते आणि दावा रेंगाळला होता. अखेर मध्यस्थीत तडजोड ठरली. उसाच्या रानाचा खालचा तुकडा आक्कांना, वरचा संपतला. संपत दूर उत्तरेत होता, त्याने कोर्टापुढे व्हिडिओवरून संमती द्यायची होती. दुसऱ्या दिवशी तो अशा ठाण्यावर निघणार होता जिथून कित्येक महिने फोनही लागणार नव्हता. म्हणजे जे काय व्हायचं ते त्याच दिवशी.

तडजोडीचा मसुदा मी यंत्राकडून करून घेतला होता. ऑनलाइन सातबारा घातला, गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, सगळं बिनचूक. संपतची सही होऊन कागद परतही आला होता. फक्त आक्कांची सही बाकी. सुनावणीला तासभर होता आणि साहेब घाई करत होते.

नाना वाचू लागले. आक्का प्रत्येक वाक्याला मान हलवत होत्या. शेवटी नाना म्हणाले, “आता आक्का, तुमी सांगा.”

आक्का पदर सावरून म्हणाल्या, “सांगायचं काय त्यात? वरलं रान संपतचं, खाललं माजं. आन हिरीचं पाणी आईनं ठरवल्यापरमानं, मंगळवार आन शुक्रवार माजी पाळी.”

नानांनी कागद उलटा केला, सुलटा केला. मग माझ्याकडे बघितलं. विहीर वरच्या तुकड्यात होती. पाण्याच्या पाळीबद्दल कागदात एक अक्षर नव्हतं. सातबाऱ्यावर ती कधी लिहिलेलीच नव्हती, कारण एका घरातली माणसं आपसात पाणी वाटून घेतात त्याची नोंद करायला कोण जातं? यंत्राला माहीत नव्हतं, पण मीही विचारलं नव्हतं. त्या कागदावर सही झाली असती तर आक्कांच्या वाट्याला कोरडं रान आलं असतं.

साहेब म्हणाले, “नाना, आता वेळ नाही. तडजोड होऊ द्या. भाऊ चांगला आहे, तो पाणी देईलच. पुढे बघू.”

नानांनी साहेबांपुढे कधी आवाज चढवला नव्हता, त्या दिवशीही चढवला नाही. ते फक्त म्हणाले, “साहेब, मी सही घेनार न्हाई. तुमी घ्या.” आणि कागद टेबलावर ठेवून हात मागे बांधून उभे राहिले. साहेबांनी कागदाकडे बघितलं, आक्कांकडे बघितलं आणि मला म्हणाले, “संपतला फोन लावा.”

संपतच्या वकिलांना सांगून फोन लावला. आवाज तुटत होता म्हणून नाना कोर्टाच्या व्हरांड्यात जाऊन ओरडून बोलू लागले आणि निम्मा सातारा जिल्हा ते प्रकरण ऐकू लागला. मी शेजारी मोबाइल धरून उभी होते. पाण्याच्या पाळीचं नवं कलम मी घाईघाईत खरडलं होतं, ते नानांनी दोन्ही मराठीत वाचून दाखवलं.

“नाना,” संपत म्हणाला, “हे लिवायला कशाला लागतंय? मी ताईला पाणी न्हाई म्हनतोय व्हय?” त्याला लागलं होतं, ते आवाजात कळत होतं.

मागोमाग आलेल्या आक्का घाबरून म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या नाना. त्याचं मन मोडू नगा.”

नानांनी त्यांना हातानेच थांबवलं. “संपत, तू न्हाई म्हणनार न्हाईस रं. मला ठावं हाय. पर तू सा-सा महिनं घरी नसतोस. तवा मोटरंची पेटी कुनाच्या हातात असती? हा कागद तुज्यावर इस्वास न्हाई म्हणून न्हाई लिवत. तू तितं बंदूक घेऊन उभा असतोस, तवा हितं तुजा शब्द उभा राहावा म्हणून लिवतोय.”

व्हरांड्यातले दोन-तीन वकील उगाच फायली चाळत उभे होते.

“लिवा,” संपत म्हणाला. “आन मोटरंचं बी लिवा. न्हाईतर पाळी ताईची आन किल्ली दुसऱ्याची, आसं व्हायचं.”

मी आयुष्यात इतक्या वेगाने टाइप केलेलं नाही. नवं पान गेलं, संपतच्या छावणीतल्या प्रिंटरवर निघालं, सही होऊन परत आलं. दुसऱ्या बाजूच्या वकिलांनीही मान डोलावली. मग आक्का स्वतः म्हणाल्या, “थांबा, मी परत सांगते.” त्यांनी पाण्यासकट सगळं सांगितलं आणि मगच सही केली. कोर्टात पडद्यावर संपत दिसला, तोही नेमका डोळे मिटलेल्या अवस्थेत गोठलेला. न्यायाधीशांनी हसू दाबून दोन मिनिटं वाट बघितली. चित्र हललं तेव्हा त्यांनी विचारलं, अटी समजल्या का? संपत ताठ उभा राहून म्हणाला, “व्हय साहेब. सांगू का?” आणि परवानगीची वाट न बघता त्याने सांगायला सुरुवात केली.

त्या संध्याकाळी मी नानांची माफी मागितली. ते म्हणाले, “चुकला म्हणून काय त्यो संगणक टाकून देनार का? आता त्याला बी सांगा, हिरीचं इचारत जा म्हणून.” तेव्हापासून आमच्या ऑफिसात सगळं यंत्रावर लिहिलं जातं, पण त्याआधी पक्षकाराशी बोलण्यात निदान एक तास जातो.

पुढे गुडघ्यांनी नानांची एसटी बंद केली. ते घरूनच फायली बघायचे, पक्षकारांना व्हिडिओवर वाचून दाखवायचे आणि मागे त्यांची नात ‘आजोबा, हळू’ म्हणत असायची. गेल्या हिवाळ्यात नाना झोपेतच गेले. बातमी आली तेव्हा माझी पडद्यावर सुनावणी चालू होती. मी ती पूर्ण केली, पुढची तारीख घेतली, रहिमतपूरला जाऊन आले. डोळ्यांतून पाणी आलं नाही. मला माझंच नवल वाटलं.

परवा आक्का ऑफिसात आल्या, भराभर जिना चढून. आल्या आल्या म्हणाल्या, “नाना हायती का?” मी सांगितलं. त्या खुर्चीवर टेकल्या. मग म्हणाल्या, “त्यास्नी सांगायला आलते. आता तुमी ऐका.”

उन्हाळ्यात विहिरीचं पाणी तळाला गेलं होतं. भाच्याने, संपतच्या मुलाने, मोटरच्या पेटीला कुलूप घातलं. आक्का तडजोडीचा कागद घेऊन गेल्या, पण नुसता दाखवला नाही. त्याला समोर बसवून वाचून दाखवला आणि म्हणाल्या, आता तू सांग. पोरगं सांगता सांगता बापाच्या सहीपाशी थांबलं. खिशातून किल्ली काढून आत्याच्या हातात दिली आणि मंगळवारी पहाटे स्वतः येऊन त्याने मोटर चालू केली.

आक्का हे सांगत होत्या आणि मी टेबलावर डोकं ठेवून हमसून हमसून रडत होते. त्या बिचाऱ्या पार गांगरून गेल्या. उठून माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “आवं वकीलबाय, रडताय कशाला? पाणी मिळालं की!”