माझ्या जावेची खुनी बाहुली

मैत्रिणींनो, आज दुपारपासून माझा नुसता जळफळाट होतोय.

माझी रुखवताची कामं तुम्हाला माहीतच आहेत. एडवणपासून मासवणपर्यंत किती लग्नांत माझ्या नऊवारीतल्या बाहुल्या मांडल्या गेल्यात! म्हणून बोईसरच्या मुलांनी भुताच्या फिल्मसाठी खुनी बाहुली मागितली, तेव्हा मी चार दिवस खपून एक बनवली. पण हाताला सवय ना! नथ घातली, गजरा माळला, गालावर खळीसुद्धा पाडली.

"काकी, ही कोणाचा खून करणार?" म्हणत मुलं हसली. आणि माझी धाकटी जाऊ वनिता, तिने तासाभरात शिवलेली वाकड्या डोळ्यांची बाहुली मात्र मुलं लगेच घेऊन गेली. वनिताला साधं बटण सरळ लावता येत नाही हो!

आज पालघरच्या एका हॉलमध्ये ती फिल्म दाखवली. बाहुली पडद्यावर आली आणि अख्खा हॉल किंचाळला. मी एकटी तिच्या मानेचा उसवलेला टाका बघत बसले होते.

सासूबाईंनी तर माझा हात सोडून वनिताचा धरला. "काय गो, कसली बनवली हाय! मला घामच फुटला." सतरा वर्षांत माझ्या एकाही बाहुलीचं त्यांनी एवढं कौतुक केलं नाही.

घरी येऊन मी माझ्या बाहुलीचा डोळा तीनदा उसवला आणि तिरका लावला. तरी मेली गोडच हसते.

आता तुम्हीच सांगा, वाकडा डोळा कसा लावतात ते वनिताला विचारू का?