तांबड्या शिंगराची मान

सांगोल्याकडच्या धनगरांत घोड्यांचं बायकाच बघत. मेंढरांमागे तळ हलला की सामान लादणं, दोर धरून चालणं त्यांच्याकडेच. म्हणून शिंगरू कधी खच्ची करायचं हे तळावरच्या थोरल्या म्हाळसाबाई ठरवत. दोन वर्षं भरली की पौषाच्या थंडीत, माश्या नसताना. चाळीस वर्षांत त्यांनी ही वेळ चुकवली नव्हती.

१९२९च्या पौषात मात्र त्यांनी तांबड्या शिंगराच्या मानेवरून हात फिरवला आणि खच्ची करायला आलेल्या भाच्याला, श्रीमंतला, परत पाठवलं. "मान भरू दे. आत्ता केलंस तर अशीच काटकुळी ऱ्हाईल. म्हातारी घोडी थकली, फुडं वझं ह्यालाच न्यायचंय की."

"आत्या, चैतात माजी आठवण काढशीला," श्रीमंत हसत म्हणाला.

चैत्रात शिंगरू वयात आलं आणि घोडीच्या वासानं दावं तोडू लागलं. म्हाळसाबाईंनी श्रीमंतला बोलावलं. या वेळी तो हसला नाही.

"आता जखमेत अळ्या पडत्याल, आत्या. थंडीपातुर न्हाय."

दुसऱ्या सकाळी तळ हलला. सुनेनं नेहमीसारखी तान्ही नात घोडीवरच्या सामानात बांधली. तेवढ्यात शिंगरानं ओठ वर उचलला आणि आपल्याच आईवर चढायला तिच्या मानेला दात लावले. घोडी लटपटली, पण पडली नाही.

म्हाळसाबाईंनी नातीला सोडवून आपल्या पाठीशी बांधलं. थंडीला अजून आठ महिने होते. घोडीचा दोर धरून त्या निघाल्या. दावं तोडून मोकळं झालेलं शिंगरू मागून येत होतं, आणि त्याच्या टापा हळूहळू जवळ ऐकू येऊ लागल्या.