बारीक तारेची खाच

अप्पांच्या गिटारीची बारीक तार मेली, तेव्हा सगळ्यात आधी शिव्या बसल्या त्या तार बनवणाऱ्याला. मग सुरतेच्या दमट हवेला. मग मला. मी काय केलं होतं? मी एवढंच म्हणाले, "अप्पा, चांगली वाजतेय की तार."

"तुले काय समजस?" माझे वडील कडाडले. "बोलत नही ती. मुकी व्हई गई."

आमच्या घरात डामडौलाची वस्तू म्हणाल तर ती गिटार, बाकी सगळा पत्रा आणि प्लास्टिक. अप्पा बमरोलीच्या एका खात्यात माग चालवतात. खातं म्हणजे मागांचा कारखाना. इथे सगळे खातंच म्हणतात. राहतो गोडादऱ्यात. खानदेशातून आले तेव्हापासून अप्पा मागावर आहेत, आणि जवळजवळ तेवढीच वर्षं वस्तीतल्या गायन पार्टीत गिटार वाजवतात. विहारात, जयंतीला, कोणाच्या हळदीला. पार्टीतला बेंजोवाला, ढोलकीवाला, गाणारा, सगळे मागावरचेच. पण गिटार एकट्या अप्पांची. वस्तीत पत्ता विचारताना कोणी "ते लूमवाले" म्हणत नाही, "गिटारवाले अप्पा" म्हणतात. माणसाला असं एखादं नाव मिळालं की तो ते जिवापाड जपतो. अप्पाही जपत होते.

नव्या तारा आणल्या. तरी बारीक तार मुकीच. मग अप्पांनी रोग शोधून काढला. "खाच खराब शे."

गिटारीच्या गळ्याच्या टोकाला, खुंट्यांच्या अलीकडे, एक पांढरी आडवी पट्टी असते. तिला नट म्हणतात. तिच्यात सहा खाचा, आणि एकेक तार आपापल्या खाचेतून खुंटीकडे जाते. खाच अरुंद असली तर तार आत चिमटते आणि सूर लावताना कुरकुरते. उथळ असली तर तार उंच राहते, बोटं सोलून निघतात. आणि खोल गेली तर मेलीच; मोकळी तार गळ्यावरच्या पहिल्या पडद्याला, म्हणजे धातूच्या आडव्या पट्टीला, आपटते आणि खर्रर्र करते. हे सगळं मला अप्पांनीच शिकवलं. मला गिटार अजिबात येत नाही, पण खाच येते.

तर घासकाम सुरू झालं. सुट्टीचा दिवस उजाडला की अप्पा ओट्यावर गिटार आडवी घेऊन बसायचे. जाड तारांच्या खाचा जुन्या जाड तारेच्या तुकड्याने करवतीसारख्या घासायच्या. बारीक तारेसाठी पॉलिश पेपरची घडी, तिची नुसती धार. खुंटीच्या बाजूला किंचित उतार ठेवायचा. दोन हात फिरवले की फुंकर. मग खाचेत पेन्सिलचं शिसं चोळायचं, म्हणजे तार सरकते. तार बसवायची, सूर लावायचा, छेडायची.

"आते बोलस का?"

"बोलते, अप्पा! छान बोलते."

मग ते मायकडे बघायचे. माय त्याच खात्यात बॉबिन भरायची. गुडघे गेले तेव्हा सुटली. आता घरी बसून साड्यांवर खडे चिकटवते. ती हातातला खडा तसाच धरून मान वर करायची, अप्पा पुन्हा तार छेडायचे, आणि ती एकदम ठामपणे सांगायची, "बोलत नही."

"देख!" अप्पा माझ्यावर डोळे काढायचे. "तुनी माय बी तेच सांगस."

दोन विरुद्ध एक. त्या दोघांपुढे माझं काय चालणार? माझं डोकं असं तापायचं! कपड्याच्या मार्केटमध्ये दिवसभर व्यापाऱ्यांचे फोन घेते मी, दहा जणांच्या गलक्यात पलीकडचा काय बोलतो ते मला कळतं, आणि घरी हे दोघं मलाच बहिरी ठरवतात.

इथे आमच्या घराची एक रीत सांगायला हवी. खात्यात मागांची खडखड एवढी असते की तिथे बोलणं आवाजाने होत नाही, ओठांनी आणि हातांनी होतं. पार पलीकडच्या मागावरचा माणूस काय म्हणाला ते अप्पा नुसत्या ओठांवरून सांगतात. तीच रीत घरी आली. आमच्याकडे समोर आल्याशिवाय कोणी कोणाशी बोलत नाही, आणि बोलायचं तर ओरडून. पाठमोऱ्या माणसाला हाक मारायची नाही, खांद्याला हात लावायचा. शेजारच्या गुजराती मावशी आधी घाबरून यायच्या, "शुं थयुं? झगडो छे?" भांडण कसलं, कोणीतरी मीठ मागत असायचं. मी यातच वाढले. सगळ्यांच्या घरी असंच असतं असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं. मग अप्पांचं काही बिनसलंय हे कोणाच्या लक्षात यावं कसं?

एका दुपारी त्यांनी खाच फार खोल नेली. तार छेडली आणि असा खर्रर्र आवाज आला की माझ्या अंगावर काटा आला. अप्पांनी मान तिरकी केली, डोळे मिटले.

"आजून थोडी घसनी पडी," ते म्हणाले.

"अहो अप्पा, खर्रर्र करतेय!" मी पॉलिश पेपर हातातून ओढला. "आपटतेय ती!"

"कथी? मले तर काय नही वाटनं." त्यांनी पुन्हा छेडली. पुन्हा तोच भयंकर आवाज. मायही शांतपणे खडे चिकटवत बसलेली.

मग मीच ती खाच बुजवली. खायचा सोडा भरायचा, वर झटकन चिकटणाऱ्या पातळ गोंदाचा थेंब टाकायचा. क्षणात दगड होतो. मग पुन्हा पहिल्यापासून घासायचं. सोड्याचा डबा रिकामा झाला तेव्हा मायने घर डोक्यावर घेतलं. "ढोकया कसाना करू? तुन्या गिटारना?" त्यावर आम्ही तिघंही हसलो. अप्पा हसताना दिसले, असं ते बहुतेक शेवटचंच.

कारण मग जयंतीचा कार्यक्रम आला. पार्टीतल्या कोणालाच गिटारीत काही खोट ऐकू आली नाही. येणार कशी? सगळे त्याच खडखडीतून आलेले. त्यांनी आपला स्पीकर मोठा केला. मी गर्दीत उभी होते. पुढे बसलेल्या बायका पोरांच्या कानांवर हात ठेवत होत्या, आणि मागून कोणीतरी म्हणालं, "नाचता येईना अंगण वाकडं." अप्पांना ते ऐकू गेलं नाही. पण बायकांचे हात त्यांना दिसले. घरी आल्यावर म्हणाले, "चाल, दुकानमा दाखाडी टाकू."

जुन्या शहरात एक गुजराती भाई वाद्यं दुरुस्त करतात. त्यांनी आमचं सोड्याचे थर दिलेलं नट बघून कपाळाला हात लावला, काढलं आणि हाडाचं नवं बसवलं. एकेका तारेच्या जाडीची वेगळी कानस होती त्यांच्याकडे. तिसऱ्या पडद्याशी तार दाबायची आणि पहिल्या पडद्यावर ती किती उंच राहते ते बघायचं. नुसता कागद सरकेल एवढी फट हवी. अप्पा आधी वाकून बघत होते, मग कंटाळून दुकानाच्या पायरीवर जाऊन रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

शेवटी भाईंनी बारीक तार छेडली. काय सांगू! स्वच्छ, लख्ख. माझ्या छातीवरचा दगडच उतरला. मला वाटलं, झालं, सुटलो, खाचच होती शेवटी.

"काका, हवे बराबर छे ने?" भाईंनी विचारलं.

अप्पा रस्त्याकडेच बघत होते.

भाईंनी पुन्हा छेडली, जोरात. "काका! संभळाय छे?"

अप्पा हलले नाहीत. रस्त्यावर फारशी गर्दीही नव्हती. भाईंनी माझ्याकडे बघितलं, मग मला सोसवेना म्हणून मी अप्पांच्या खांद्याला हात लावला. ते वळले, नेमके त्याच वेळी भाई मला हळूच म्हणाले, "बेन, काकाना कान डॉक्टरने बतावो."

हळूच म्हणून काय उपयोग? ओठ वाचणाऱ्याला हळू काय आणि जोरात काय. अप्पांनी ते वाचलं. त्यांचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, भाईंचं तोंड धरावं. पण अप्पांनी गिटार हातात घेतली, एकदा तार छेडली, आणि म्हणाले, "चांगली बनाडी."

कानाच्या डॉक्टरांनी तपासलं. कानाच्या नसा गेल्यात, गेलेलं परत येत नाही, उरलंय ते तरी सांभाळा, मागापासून लांब राहा. मी ते अप्पांना समोर उभं राहून सांगितलं.

"लूम सोडीसन काय करू?" अप्पा म्हणाले. "गिटार वाजाडू?"

मला रडू नाही आलं, राग आला. इतका राग की घरी येईपर्यंत मी दात आवळून बसले. खाच असती तर मी बुजवली असती. शंभर वेळा बुजवली असती.

अप्पांनी पार्टी सोडली. कोणी फार आग्रहही केला नाही. पार्टीने कीबोर्ड घेतला. अप्पा खात्यात मात्र पहिल्यासारखेच जातात. तिथे त्यांना काही कमी आहे असं कोणाला वाटत नाही. गिटार भिंतीवर खिळ्याला टांगली आहे.

परवा रविवारी सकाळी अप्पा गिटारीकडे पाठ करून चहा पीत बसले होते. माय फडक्याने भिंत झाडत होती. झाडता झाडता तिचं फडकं तारांना लागलं आणि बारीक तार वाजली. भाईंनी घासलेली खाच, कुठे अडकणं नाही, आपटणं नाही. बराच वेळ वाजत राहिली. अप्पा वळले नाहीत. ते वळणार नाहीत हे मला माहीत होतं. मी मायकडे बघितलं. निदान आम्ही दोघींनी तरी एकमेकींकडे बघावं म्हणून.

माय पाठमोरी झाडत होती.

"माय," मी म्हणाले.

तिने फडकं झटकलं आणि खिडकीकडे वळली.

"माय!"

मी उठले, तिच्याजवळ गेले आणि तिच्या खांद्याला हात लावला.

"काय वं?" ती नेहमीसारखीच ओरडली.

"काही नाही," मी म्हणाले. तिला दिसेल असं, ओठ नीट हलवून.