भाच्याचं डबल एम.ए.

वाचनालयातल्या मंडळींनो, आजचीच गोष्ट फळ्यावर लावतोय. भाच्याच्या पदव्यांची खरी किंमत आज समजली: त्याची चार वर्षं आणि माझ्या बहिणीचं रोजचं शिवणकाम.

विनायक मराठीत एम.ए. झाला, मग इतिहासात. आज कामठीच्या शाळेत शिक्षकाच्या जागेसाठी मुलाखत होती, मीही सोबत गेलो. बसमध्ये म्हणाला, "मामा, माझ्यायेवढं शिकलेलं तिथं कोणी नसन."

हेडमास्तरांनी कागद पाहिले. "कॉलेजात शिकवायचं, संशोधन करायचं, तर एम.ए. ठीक. शाळेला बी.एड. लागतं. ते कुठाय?"

बाहेर आल्यावर मी विचारलं, "दुसरं एम.ए. काहून केलं गा?"

"नोकरी लागत नव्हती मामा. रिकामा बसलो तर लोक आईले बोलत."

गांधीबागेतल्या आमच्या कापडदुकानात गिऱ्हाईक कापड मागतं, तेव्हा आम्ही आधी विचारतो, काय शिवायचं आहे? विद्यापीठाच्या खिडकीवर याला दोनदा प्रवेश मिळाला, पण शिकून काय करणार, हे कोणी विचारलं नाही. तुमच्या पोरांना विचारलं का?

जागा बी.ए., बी.एड. झालेल्या एका मुलीला मिळाली. बी.ए.ला असताना ती विनायककडेच शिकवणीला यायची.