रिकाम्या झोळीचं वजन

आमच्या लामत्याच्या दवाखान्यातली काटेवाली बाई लेकराआधी फडकं तोलायची. तिचं नाव वेगळं होतं, पण गाव तिला काटेवालीच म्हणे. आईनं घरून आणलेली झोळी ती काट्याच्या हुकाला रिकामीच अडकवी, वजन वहीत लिही, मग म्हणे, "आता ठेव वं तुह्यं सोनं."

मी दुसरीपर्यंतच शिकलो, पण धानाचं माप मला कोणी शिकवायचं नाही. रिकाम्या कापडाचं वजन लिहिणारी ही बाई मला पहिल्या दिवसापासून लबाड वाटली. त्यात शेर जाऊन नवे किलो आलेले. त्यांच्यावरही माझा भरवसा नव्हता.

"नुसत्या कापडाचं काय लिहून राह्यल्या?" मी एकदा विचारलं.

"भाऊ, लेकरू नसलं तरी काटा काहीतरी बोलते. ते आधी ऐका लागते."

त्या हिवाळ्यात माझी पोरगी खोकल्यानं बेजार होती. थंडी म्हणून बायकोनं नेहमीच्या लुगड्याच्या तुकड्याऐवजी गोधडीची झोळी केली. बाई वही शोधत होती तोवर मी पोरीला झोळीत ठेवूनही दिलं. मागच्या महिन्यात काटा पावणेपाचावर होता, आता पाचावर गेला.

"पाहा! वाढली का नाही?"

बाईनं पोर उचलून बायकोकडं दिली. गोधडी तशीच लटकत होती, अन् काटा एकावर.

"मांगं लुगड्याचा तुकडा पाव किलोचा, म्हणजे पोरगी साडेचारची. आज गोधडीच एक किलोची. पोरगी चारच भरली, भाऊ. अर्धा किलो सुकली. आजच बालाघाटच्या मोठ्या दवाखान्यात न्या."

"तुमचा काटाच खोटा! लेकरू माह्यं, मले दिसत नाही का?"

"दिसत असतं तं काटा काहून लागला असता?"

मी जागचा हललो नाही. बायको म्हणाली, "तुमी बसा भांडत," आणि पोरीला घेऊन छोट्या रेल्वेत चढली. दोन दिवसांनी मी मोठ्या दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "एक दिन और रुकते, तो बच्ची हाथ से चली जाती."

पोरगी सावरल्यावर आम्ही परतलो. आयुष्यात मी कोणाला 'चुकलो' म्हटलेलं नाही; त्या दिवशी म्हणायला निघालो. काट्याजवळच्या खुर्चीत दुसरीच बाई बसलेली. काटेवालीची बदली झाली, एवढंच कळलं. कुठं, ते कोणी सांगितलं नाही.

बायको रेल्वेत चढली त्याच दिवशी मी रागात एक अर्ज लिहवून, खाली सही ठोकून वर धाडला होता, की बाईचा काटा खोटा आहे.

बायको म्हणते, सरकार एवढ्या लवकर कोणाचं ऐकत नसते. पण माझा माझ्यावरचा संशय काही जात नाही.